शेजारच्या दोन टेबलांवर

बंगळुरूहून उत्तरेला निघालेला बेल्लारी रस्ता देवनहळ्ळीच्या दिशेने जातो. टिपू सुलतानाचं जन्मगाव आणि रसाळ पपनसांचा मुलूख ही या गावाची जुनी ओळख. २००८ साली इथे बंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला आणि ओळख बदलली. सप्टेंबर २०१४ मध्ये या विमानतळाकडे येणारी वाहतूक पोलिसांनी रोखून धरली होती. बंगळुरूच्या एका रुग्णालयात मेंदूमृत झालेल्या महिलेचं हृदय चेन्नईच्या विमानात वेळेवर चढवायचं होतं. तेव्हापासून ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही रुळला. पुणे, नागपूर, मुंबई इथल्या अशा धावपळीच्या बातम्या आता वाचकांना नव्या राहिलेल्या नाहीत.

या बातम्या वाचून कोणालाही वाटेल, की अवयव प्रत्यारोपण म्हणजे सायरन, पोलिसांच्या मोटारसायकली आणि बर्फाची पेटी. किडनीच्या बाबतीत भारतातलं वास्तव अगदी वेगळं आहे. २०२३ साली देशात १३,४०० हून अधिक किडनी प्रत्यारोपणं झाली. त्या वर्षी अवयव देणारे मृत दाते होते १,०९९. किडनी किंवा यकृताचा भाग देणारे जिवंत दाते मात्र १५ हजारांच्या वर होते. म्हणजे भारतातली बहुतेक किडनी रुग्णवाहिकेत चढतच नाही. एका ऑपरेशन थिएटरमधून ती बर्फ घातलेल्या स्टीलच्या भांड्यातून निघते आणि शेजारच्या थिएटरमध्ये पोचते. प्रवास फार तर वीस-पंचवीस पावलांचा. त्याची बातमी होत नाही.

या दोन थिएटरांपैकी एकात शस्त्रक्रियेच्या जगातला सर्वांत चमत्कारिक रुग्ण झोपलेला असतो. त्याला कसलाही आजार नसतो. किंबहुना आजार नाही याची महिनाभर खात्री करून घेतल्यानंतरच त्याला टेबलावर घेतलेलं असतं. त्या ऑपरेशनातून त्याच्या शरीराला काहीच मिळणार नसतं. गेल्या सत्तर वर्षांत किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया मुळात फारशी बदललेली नाही. किडनी काढण्याची मात्र आमूलाग्र बदलली, आणि ती याच माणसासाठी. ऑपरेशननंतरच्या वर्षांचं बोलायचं, तर किडनी घेणाऱ्याचा हिशेब जगभर जेवढ्या काटेकोरपणे ठेवला जातो तेवढा देणाऱ्याचा ठेवला जात नाही. या प्रकरणाचा रोख तिकडेच आहे.

सुरुवात फ्रान्समधून करावी लागते. १८९४ मध्ये लिऑन शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि तुटलेली रक्तवाहिनी सांधायची कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अध्यक्ष दगावले. त्या शहरातला अलेक्सी कारेल हा वैद्यकीचा तरुण विद्यार्थी या प्रश्नाने झपाटला. भरतकाम करणाऱ्या मादाम लेरुदिए यांच्याकडे तो बारीक सुईने टाके घालायला शिकला. रक्तवाहिनीच्या तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ती ताणायची, म्हणजे गोल तोंड त्रिकोणी होतं आणि शिवायला सोपं जातं, ही त्याची युक्ती १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ मध्ये तिला नोबेल मिळालं. आजही प्रत्येक प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडण्याच्या मुळाशी त्याचंच काम आहे.

शिवता आलं, पण टिकवता येईना. १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात मारियुस रेनार नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईची किडनी बसवली. तो पडून जखमी झाला होता आणि फुटलेली किडनी काढून टाकल्यावर कळलं, की त्याला जन्मतः तेवढी एकच होती. आईची किडनी लगेच चालू झाली. सुमारे तीन आठवड्यांनी शरीराने ती नाकारली आणि मुलगा गेला. जिवंत नातेवाइकाने दिलेल्या किडनीचा हा जगातला पहिला गाजलेला प्रयत्न.

दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. दोघे खरोखरच एकाच बीजाचे जुळे आहेत का, हे पाहायला एकाची कातडी दुसऱ्याला लावून बघितली होती. पोलिसांकडून बोटांचे ठसेसुद्धा तपासून घेतले होते. शरीराला परकं वाटावं असं काही नसल्यामुळे ही किडनी टिकली. रिचर्डने रुग्णालयातल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि तो आठ वर्षं जगला. मूळचा आजार नव्या किडनीतही उतरला आणि १९६३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. किडनी देणारा रोनाल्ड मात्र २०१० च्या डिसेंबरपर्यंत, ऑपरेशननंतर ५६ वर्षं जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. ज्या शल्यविशारदाने रोनाल्डची निरोगी किडनी काढली, ते हार्टवेल हॅरिसन कोणाला फारसे आठवत नाहीत. खरं दडपण त्यांच्यावर होतं. मरणाच्या दारातला रुग्ण दगावला तर जग समजून घेतं, धडधाकट भाऊ दगावला असता तर कोणी घेतलं नसतं.

भारतात १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण थोडेच दिवस जगला. यश मिळालं ते १९७१ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, आणि ते जिवंत दात्याच्या किडनीने. तो काळ कसा होता हे समजायला जयप्रकाश नारायण यांचं आजारपण आठवावं. आणीबाणीत अटकेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि त्यावरच त्यांनी पुढची वर्षं काढली. देशाच्या एवढ्या मोठ्या नेत्यालाही डायलिसिससाठी मुंबई गाठावी लागली होती. आज ते यंत्र तालुक्याच्या गावातही दिसतं.

नवी किडनी जुनीच्या जागी बसवतात असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. जुन्या किडन्या पाठीत, बरगड्यांच्या आडोशाला खोल असतात. त्या काढायला जाणं म्हणजे विनाकारण रक्तस्राव ओढवून घेणं. फार मोठ्या झाल्या असतील किंवा सतत जंतुसंसर्ग होत असेल तरच त्या काढतात. नवी किडनी बसते ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या खोबणीत. १९५१ च्या सुमारास रने क्यूस आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ही जागा निवडली. ती इतकी सोयीची ठरली, की आजही बदललेली नाही. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात आणि मूत्राशय शेजारीच असतं. पुढे कधी सोनोग्राफी करायची किंवा सुईने तुकडा काढून तपासायचा, तर किडनी कातडीखालीच सापडते. त्यामुळे यशस्वी प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या अंगात बहुधा तीन किडन्या असतात, पैकी चालू एक.

नीला नीलेला जोडायची, रोहिणी रोहिणीला जोडायची आणि मग चिमटे सोडायचे. फिकट राखाडी पडलेली किडनी काही क्षणांत गुलाबी होते आणि ताठरते. दाता जिवंत असेल तर मूत्रनलिकेतून लघवीचे थेंब बहुधा टेबलावरच पडू लागतात. कितीही ऑपरेशनं केलेला सर्जन या थेंबांची वाट बघतो. मग मूत्रनलिका मूत्राशयात शिवून घेतात. जोडावर ताण येऊ नये म्हणून आत एक बारीक नळी ठेवतात. रुग्णांच्या बोलण्यात ती ‘स्टेंट’ असते आणि काही आठवड्यांनी ती दुर्बिणीतून काढतात. मृत दात्याची किडनी बऱ्याचदा बारा, अठरा किंवा त्याहूनही अधिक तास बर्फात राहिलेली असते. ती कधीकधी आठवडाभर झोपूनच राहते आणि तोवर डायलिसिस चालू ठेवावं लागतं. शेजारच्या टेबलावरून आलेली किडनी बहुधा तासा-दोन तासांत नव्या रक्तावर असते. जिवंत दात्याच्या किडनीचा पहिला मोठा फायदा हा.

आता पलीकडच्या थिएटरमध्ये. १९९५ पर्यंत जगभर एकच पद्धत होती. दात्याला कुशीवर झोपवायचं, कमरेपासून पोटापर्यंत पंधरा ते वीस सेंटिमीटरचा छेद घ्यायचा, गरज पडली तर बाराव्या बरगडीचा तुकडा काढायचा आणि किडनी बाहेर आणायची. ऑपरेशन सुरक्षित होतं, पण वेदना मोठी होती. दीड-दोन महिने कामावर जाता येत नसे आणि काहींची कूस कायमची फुगीर किंवा बधिर राहायची. एकाच घरात ऑपरेशन झालेल्या दोघांपैकी किडनी घेणारा आधी चालू लागायचा आणि देणारा कण्हत पडून असायचा, हे दृश्य जुन्या परिचारिकांना नवीन नव्हतं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत लॉइड रॅटनर आणि लुई कवूसी यांनी दुर्बिणीतून दात्याची किडनी काढली. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची, तीन-चार छोट्या भोकांतून कॅमेरा आणि हत्यारं आत घालायची आणि किडनीभोवतीची चरबी, ग्रंथी, बारीक शिरा एकेक करून सोडवत जायचं. मूत्रनलिका सोडवताना तिच्या भोवतालची चरबी खरवडून काढायची नाही, कारण तिचा रक्तपुरवठा त्या चरबीतूनच असतो. हा धडा सुरुवातीच्या काळात काही मूत्रनलिका सुकून गेल्यावर मिळाला. शेवटी ओटीपोटावर, सिझेरियनसाठी घेतात तसा आडवा छोटा छेद घेऊन किडनी पिशवीतून बाहेर काढायची. रक्तपुरवठा तोडल्यापासून किडनी बर्फाच्या पाण्यात पडेपर्यंतचा वेळ सर्वांत नाजूक. तो तीन-चार मिनिटांचा असतो आणि खोलीतलं कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजत असतं.

शक्यतो डावी किडनी घेतात. डावीची नीला लांब असते आणि पलीकडच्या सर्जनला शिवायला भरपूर लांबी मिळते. पण नियम त्याहून वरचा आहे. दोन किडन्यांत जरासाही फरक असेल, एकीत छोटा खडा किंवा गाठ असेल, तर सरस किडनी दात्याकडेच राहायला हवी. म्हणून ऑपरेशनापूर्वी सीटी अँजिओग्राफी करून रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात आणि प्रत्येक किडनी किती काम करते हे स्वतंत्र स्कॅनने मोजतात.

दुर्बिणीच्या पद्धतीने दोन-चार दिवसांत घर आणि महिनाभरात काम, असा फरक पडला. जे लोक पूर्वी छेदाला भिऊन मागे सरत ते पुढे येऊ लागले. पण या पद्धतीचा एक काळा अध्याय आहे आणि माहितीपत्रकांत तो सापडत नाही. किडनी काढल्यावर दात्याच्या शरीरात रोहिणीचं जे टोक उरतं ते काही मिलिमीटरचं असतं आणि थेट महारोहिणीला जोडलेलं असतं. ते बंद करायला काही सर्जन प्लास्टिकच्या क्लिपा लावत. हात न घालता, कुलपासारख्या खटकन बंद होणाऱ्या आणि स्वस्त. काही दात्यांमध्ये ऑपरेशननंतर या क्लिपा घसरल्या. पोटात रक्ताचा लोंढा सुटला आणि धडधाकट माणसं वॉर्डात दगावली. अमेरिकेतल्या सर्जनांची पाहणी झाल्यावर हे उघडकीला आलं. २००६ मध्ये उत्पादक कंपनीनेच दुर्बिणीतून दात्याची किडनी काढताना या क्लिपा रोहिणीवर वापरू नयेत असं जाहीर केलं. रक्तवाहिनीच्या भिंतीतून आरपार टाके मारणारं स्टेपलर महाग असतं, पण ते घसरत नाही. कोणी दाता होणार असेल तर सर्जनला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे: रोहिणी कशाने बंद करणार?

रोबोटचं आकर्षण यानंतरचं. २०१३ साली गुरुग्रामच्या मेदांता रुग्णालयात राजेश अहलावत, महेंद्र भंडारी आणि डेट्रॉइटचे मणी मेनन यांनी किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया रोबोटने करण्याची पद्धत पायरीपायरीने बसवली. पोटाच्या आत किडनीभोवती बर्फाचा चुरा ठेवायचा, म्हणजे शिवत असताना ती गरम होत नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य. अहमदाबादच्या सरकारी अनुदानित किडनी संस्थेत प्रांजल मोदी यांनी दुर्बिणीतून किडनी बसवण्याचं काम आधीच सुरू केलं होतं. लठ्ठ रुग्णांमध्ये मोठी जखम चिघळण्याचा धोका असतो, त्यांना या पद्धतींचा खरा फायदा होतो. पण चांगल्या हातांनी पारंपरिक छेदातून बसवलेल्या किडनीपेक्षा रोबोटने बसवलेली किडनी अधिक वर्षं टिकते असा पुरावा नाही. जाहिरातीत रोबोट असला, तरी बिलाची चौकशी करताना हे लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. प्रत्यारोपणानंतरची औषधं जन्मभराची असतात.

किडनी टिकण्याचं रहस्य सुईदोऱ्यापेक्षा रक्तात अधिक आहे. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या रमणभाई पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा अभ्यास छापला. दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळल्या की मरतात का, एवढीच साधी चाचणी. ज्या ३० जणांत पेशी मेल्या त्यांतल्या २४ जणांची किडनी तत्काळ बंद पडली. उरलेल्या १९५ पैकी फक्त आठ जणांची. ‘क्रॉसमॅच’ हा शब्द किडनीच्या ओपीडीबाहेर बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला आज पाठ असतो, त्याचं मूळ इथे आहे. त्यापुढचं काम औषधांनी केलं: साठच्या दशकात अझाथायोप्रिन, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, नंतर जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतील जिवाणूपासून मिळालेलं टॅक्रोलिमस.

औषधं सुधारल्यावर एक अनपेक्षित गोष्ट कळली. १९९५ मध्ये तेरासाकी यांच्याच गटाने दाखवलं, की नवऱ्याने किंवा बायकोने दिलेल्या किडन्या तीन वर्षांनी ८५ टक्के चालू होत्या. मृत दात्यांच्या ७० टक्के. पती-पत्नीचं रक्ताचं नातं नसतं, ऊतकांचा मेळ जेमतेम असतो. तरी त्या किडन्या आईवडिलांनी दिलेल्यांच्या तोडीस तोड ठरल्या. कारण किडनी निरोगी माणसाकडून, न दुखावता आणि ताबडतोब आलेली होती.

रक्तगट जुळला नाही तरी आता वाट बंद होत नाही. रक्तातली प्रतिद्रव्यं गाळून काढून विजोड रक्तगटाची किडनी बसवता येते. खर्च वाढतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही. दुसरी वाट अदलाबदलीची, म्हणजे ‘स्वॅप’. एका रुग्णाची बायको दुसऱ्या रुग्णाला किडनी देते, दुसऱ्याची आई पहिल्याला. दोन्ही ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी करतात, म्हणजे एकाला किडनी मिळाल्यावर दुसरं घर मागे फिरत नाही. फेलिक्स रॅपापोर्ट यांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली. अशा जोड्या जुळवण्याच्या गणितावर काम केलेले ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भारतात २०११ च्या कायदादुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांमधल्या स्वॅपला स्पष्ट मान्यता दिली. २०१३ च्या जागतिक किडनी दिनी अहमदाबादच्या संस्थेने अशी दहा प्रत्यारोपणं केली. मुंबईत ॲपेक्स किडनी फाउंडेशनने स्वॅपसाठी जोड्यांची नोंदवही चालवली. हे काम खरं तर देशपातळीवर एका यादीतून व्हायला हवं. यादी जितकी मोठी तितक्या जोड्या जुळतात.

जवळच्या नात्याचा हा आग्रह कायद्यात कुठून आला, हे बंगळुरूला आणि महाराष्ट्राला दोघांनाही ठाऊक आहे. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला भारतात किडनी उघड विकली जात होती. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यामुळे. तो ४ फेब्रुवारी १९९५ ला लागू झाला. त्याच्या काही दिवस आधी, जानेवारीत, बंगळुरूच्या एका खासगी रुग्णालयातलं किडनीचं मोठं रॅकेट उघडकीला आलं होतं. कर्नाटकाने नंतर हा कायदा स्वीकारला.

विक्रीने विकणाऱ्याचं काय झालं, याचा जगात सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास चेन्नईतला आहे. किडनी विकलेल्या ३०५ जणांना २००१ मध्ये गाठून विचारलं. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. सरासरी मिळाले होते सुमारे १,०७० डॉलर. त्यांच्या घरचं उत्पन्न नंतर एक तृतीयांशाने घटलं होतं, ८६ टक्क्यांना आपली तब्येत खालावल्याचं वाटत होतं आणि बहुतेकांचं कर्ज तसंच होतं. आज प्रत्यारोपणापूर्वी नात्याचे कागद, लग्नाचा दाखला, छायाचित्रं, व्हिडिओवरची मुलाखत या सगळ्याला वैतागलेल्या कुटुंबांनी हे आकडे एकदा वाचावेत.

आता वर्षांचा हिशेब. अमेरिकेतल्या अलीकडच्या नोंदींनुसार जिवंत दात्याच्या किडन्यांपैकी निम्म्या सुमारे १९ वर्षांनंतरही चालू राहतील असा अंदाज आहे. मृत दात्यांच्या बाबतीत हाच आकडा १२ वर्षांच्या आतबाहेर. सरासरीत माणसं हरवतात, म्हणून एक उदाहरण. न्यूझीलंडचा रग्बीवीर जोना लोमू याला २००४ मध्ये मित्राने किडनी दिली. तो पुन्हा मैदानात उतरला. २०११ मध्ये ती किडनी बंद पडली, डायलिसिस सुरू झालं आणि २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी तो गेला. किडनी बंद पडण्याची कारणं बहुधा सावकाश चालणारी असतात. शरीर हळूहळू नाकारत राहतं, औषधं स्वतःच किडनीला थोडी इजा करतात, मूळ आजार परततो. आणि पुष्कळ रुग्ण किडनी ठणठणीत चालू असतानाच हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने जातात. गोळ्या चुकवणं हे मात्र टाळता येण्याजोगं कारण आहे. तीन-चार वर्षं सगळं सुरळीत चाललं की गोळ्या महाग वाटू लागतात, आणि तिथेच घात होतो.

देणाऱ्याचं काय होतं, यावर वीस वर्षांत तज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपली. ऑपरेशनचा धोका आता फार कमी आहे. अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात १,६४,५९३ जणांनी किडनी दिली. त्यांतले ३६ जण नव्वद दिवसांत दगावले. शेवटच्या दहा वर्षांत हे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झालं. दुर्बीण, अनुभव आणि त्या क्लिपांचा धडा, हे सगळं त्यात आलं.

वाद आहे पुढच्या आयुष्याचा. २००९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने १९६३ पासूनच्या ३,६९८ दात्यांचा मागोवा घेतला आणि सांगितलं, की ते सामान्य लोकांइतकेच जगतात, त्यांच्या किडन्या उलट कमीच निकामी होतात. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग आक्षेप आला. दाता सामान्य माणूस नसतोच, त्याला तपासून, निवडून घेतलेलं असतं. त्याची तुलना तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसाशी करायला हवी. २०१४ मध्ये दोन अभ्यासांनी तशी तुलना केली. नॉर्वेच्या १,९०१ दात्यांमध्ये किडनी निकामी होण्याचा धोका निरोगी माणसांच्या अकरा पटींहून अधिक निघाला. अमेरिकेच्या ९६ हजारांवर दात्यांच्या अभ्यासाने आयुष्यभराचा धोका दहा हजारांत ९० सांगितला. निरोगी पण न दिलेल्यांत तो १४ होता, आणि सरसकट जनतेत ३२६.

तिन्ही आकडे खरे आहेत. दात्याचा धोका वाढतो हे खरं, आणि वाढूनही तो एक टक्क्याच्या आत राहतो हेही खरं. डॉक्टर यांपैकी पहिलं वाक्य गाळून दुसरं सांगतात तेव्हा ते दात्यावर अन्याय करतात. तरुण दात्यांच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवं. पंधरा वर्षांची आकडेवारी पंचवीस वर्षांच्या मुलीच्या पुढच्या पन्नास वर्षांबद्दल फारसं काही सांगत नाही. कॅनडातल्या अमित गर्ग यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की किडनी दिलेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास ११ टक्के वेळा झाला, न दिलेल्यांना ५ टक्के. बहुतेकींची बाळं सुखरूप जन्मली. पण ही गोष्ट सही करण्यापूर्वी सांगायची असते.

भारतात प्रश्न अधिक गंभीर आहे. उरलेली किडनी काही आठवड्यांत मोठी होते आणि पूर्वी दोघी मिळून करत त्याच्या सुमारे दोन तृतीयांश काम एकटी पेलते. पण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चाळिशीत निरोगी असलेला दाता पन्नाशीत मधुमेही होऊ शकतो आणि तेव्हा त्याच्याजवळ राखीव काही नसतं. बहुतेक वेळा तो दाता म्हणजे ‘ती’ असते. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी अवयव मिळालेल्या स्त्रिया होत्या ६,९४५, पुरुष २९,६९५. जिवंत दात्यांमध्ये मात्र आया आणि बायकाच पुढे. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर ‘स्वखुशीने’ म्हणणाऱ्या बाईला घरी नाही म्हणायची सोय कितपत होती, हे व्हिडिओत दिसत नाही. मोठ्या रुग्णालयांचे समन्वयक दात्याशी घरच्यांना बाहेर काढून एकट्याने बोलतात आणि ती नको म्हणाली तर ‘वैद्यकीय कारणाने अपात्र’ एवढंच कुटुंबाला सांगतात. ही पद्धत प्रत्येक केंद्रात सक्तीची करायला हवी.

स्वित्झर्लंडमध्ये १९९३ पासून प्रत्येक जिवंत दात्याची आयुष्यभर नोंद ठेवतात. अमेरिकेत दात्याची दोन वर्षं तपासणी करून कळवणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, आणि पुढे कधी दात्याचीच किडनी गेली तर प्रतीक्षायादीत त्याला अग्रक्रम मिळतो. आपल्याकडे किडनी घेणारा महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून घेतो आणि देणारी बाई त्याची फाइल सांभाळत बाकावर बसलेली असते. तिच्या नावाची फाइल बहुधा टाके काढले त्या दिवशी बंद झालेली असते.

घरात किंवा ओळखीत कोणी किडनी दिली असेल, तर त्या व्यक्तीचा रक्तदाब, रक्तातली साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घ्या. तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये हे होतं. अंगदुखीची गोळी लिहून घेताना किंवा रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करताना ‘मला एकच किडनी आहे’ हे सांगायला तिला सांगा. आणि पुढच्या वेळी रुग्णाच्या तपासणीला जाल तेव्हा त्याच ओपीडीत तिच्या नावाचा वेगळा केसपेपर काढून घ्या.